परिपाठातली मूल्यं मुलांच्या अंगवळणी कशी पडतात?

प्रश्न एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांचा आहे. त्यांच्या शाळेत परिपाठ रोज नेमाने होतो, दहा मूल्यांचा तक्ता प्रत्येक वर्गात लावलेला आहे, वर्षातून एकदा मुलं वृद्धाश्रमात फळं वाटून येतात. तरीही वर्गातल्या एखाद्याला ताप आला तर त्याचं दप्तर उचलायला कोणी उठत नाही. मग शाळेची मूल्यं मुलांना गरजूंच्या मदतीला खरोखर कशी उभी करतील?

आधी थोडक्यात सांगतो. शाळा आपल्यातल्या सर्वांत दुबळ्या मुलाशी रोज कशी वागते, त्यावरून मुलं मूल्य उचलतात. आणि ते मूल्य टिकतं नेमून दिलेल्या एखाद्या छोट्या कामामुळे. ते काम दर आठवड्याला यायला हवं, आणि केलं नाही तर कुणाचं तरी अडायला हवं. तक्ता, सुविचार, बोधकथा यांची जागा त्यानंतरची. वर्षातून एकदा फळं वाटल्याने यातलं काहीच होत नाही, कारण मुलं आली नसती तरी त्या वृद्धांचं काही अडलं नसतं, आणि मुलांना ते कळतं.

महाराष्ट्रात याचा जुना आणि भक्कम दाखला आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका छपराखाली राहत, एका पंगतीला जेवत, स्वयंपाक आणि पाणी भरण्यासारखी कामं स्वतः करत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. अडचणीच्या काळात मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले. गावोगावच्या घरांतून मूठमूठ धान्य बाजूला काढून ते वसतिगृहाला द्यायचं, हा मुष्टिफंड त्याच परंपरेतला. तिथे समतेचा पाठ वेगळा घ्यायची गरज नव्हती, पंगत रोजच बसत होती. ‘कमवा आणि शिका’ हीही तिथे दिनचर्या होती. आपल्या शाळेत एवढं सगळं उभं करता येणार नाही, पण रीत तीच ठेवता येते: मूल्य वेळापत्रकात आणि कामाच्या वाटणीत बसवायचं.

म्हणून सुरुवात शाळेच्या फाटकाबाहेर करू नका. पोषण आहाराच्या रांगेपासून करा. शासनाच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम धान्य शिजतं. सोमवारी दोनदा वाढून घेणारं मूल नीट पाहा, शनिवार-रविवार त्याच्या घरी काय परिस्थिती होती ते तिथेच कळतं. मोठ्या वर्गातली मुलं लहानांना वाढतात, स्वतः शेवटी जेवतात, आणि वाढपी दर आठवड्याला बदलतात, मुलगे आणि मुली दोघेही. एवढा नियम लावलात तरी तीन महिन्यांत फरक जाणवतो. आठवीचा मुलगा ‘याला अजून भात हवा आहे’ हे न विचारता ओळखायला लागतो. तक्त्यावर जी संवेदनशीलता लिहिलेली असते ती ही. शिक्षकांनी त्याच पंगतीत बसून तेच जेवायला हवं. शिक्षकाचा डबा वेगळा आणि खोली वेगळी असेल तर मुलं तेही शिकतात.

तक्त्यावरच्या दहा मूल्यांमध्ये संवेदनशीलता, सौजन्यशीलता आणि श्रमप्रतिष्ठा ही मदतीची मूल्यं म्हणून सांगितली जातात. माझ्या मते मदतीच्या कामात सर्वांत जास्त कस लागतो तो वक्तशीरपणाचा. शनिवारी साडेअकराला मुलं येणार म्हणून जी आजी दार उघडं ठेवून बसते, तिला मुलांच्या मनातली कणव दिसत नाही. मुलं आली की नाही एवढंच दिसतं. दोन शनिवार चुकले की तिसऱ्यांदा ती दार लावून घेते, आणि ते रास्तच आहे. हे मुलांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

आता बाहेरच्या कामाची बांधणी. जून-जुलै पाहणीसाठी ठेवा, काम ऑगस्टमध्ये सुरू करा. शाळेपासून पायी जाता येईल अशा अंतरावरची घरं निवडायची, शक्यतो एक किलोमीटरच्या आत. ग्रामसेवक, आशाताई आणि अंगणवाडीताई या तिघींना-तिघांना विचारलं तर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, अंथरुणाला खिळलेल्यांची आणि दिव्यांगांची घरं एका दिवसात कळतात. शहरात वॉर्डातली आशाताई आणि रेशन दुकानदार यांना माहिती असते. पहिली भेट शिक्षकाची, तीही मुलांना न घेता. घरात कोण राहतं, दारूचा त्रास आहे का, कुत्रं आहे का, जिना कसा आहे, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला मुलं यायला हवी आहेत का, हे बघून यायचं. ‘नको’ म्हणाले तर विषय संपला.

गट चार-पाच मुलांचा, त्यात मुलगे आणि मुली दोन्ही. एका गटाला एकच घर, वर्षभर तेच. शनिवारची सकाळची शाळा सुटली की 40 मिनिटं. दोघांपेक्षा कमी मुलं असतील तर जायचं नाही. पालकांची लेखी संमती फाइलला लावलेली हवी. मुलं औषधाचा डोस ठरवत नाहीत किंवा देत नाहीत, पैशाला हात लावत नाहीत, बँकेचं पासबुक किंवा ओटीपी बघत नाहीत, गॅस पेटवत नाहीत. हे चार नियम गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर मुलांच्याच अक्षरात लिहून घ्या. यातला पैशाचा नियम सैल पडला की कधीतरी कुणाचे शंभर रुपये सापडत नाहीत, संशय मुलांवर येतो आणि सगळा उपक्रम एका दिवसात बंद पडतो.

गरज विचारण्याची पद्धत शिकवावी लागते, आणि इथेच बहुतेक शाळा कमी पडतात. ‘आजी, तुम्हाला काही हवंय का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘काही नको रे बाळा, तुम्ही आलात तेच खूप.’ आपल्याकडचं माणूस मागत नाही, त्यातून लहान मुलांकडे तर नाहीच. प्रश्न कामाबद्दल विचारायला हवा. ‘पाणी कोण भरून ठेवतं?’ ‘गोळ्या संपल्या की कोण आणतं?’ ‘रेशनला अंगठा द्यायला दुकानापर्यंत कशा जाता?’ ‘रात्री दिवा गेला तर काय करता?’ या चार प्रश्नांतून जे बाहेर येतं ते सहसा धान्य किंवा कपडे नसतंच. नळाला पाणी सकाळी सहाला येतं आणि हंडा उचलवत नाही, चष्म्याची काडी मोडली आहे, मोबाइलला रिचार्ज नाही म्हणून मुलाचा फोन येत नाही, पगार थांबलाय आणि का थांबलाय ते कळत नाही, असं काहीतरी निघतं.

‘पगार’ म्हणजे संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचं मासिक अनुदान, गावाकडे त्याला हाच शब्द आहे. ते थांबण्याची नेहमीची कारणं म्हणजे वर्षाचा हयातीचा दाखला दिलेला नाही, आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, किंवा बोटांचे ठसे पुसट झाल्याने यंत्र घेत नाही. नववीच्या मुलांना या तिन्हींची माहिती समजते. कागद कोणते लागतात याची यादी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवणं आणि तलाठी कार्यालय कोणत्या वारी उघडं असतं ते विचारून येणं मुलं करू शकतात. तहसीलला सोबत जाणं हे मात्र घरच्या किंवा शेजारच्या मोठ्या माणसाचं काम. अर्ज कोणी भरला, पैसे आले का, हे पुढच्या शनिवारी विचारायचं. या पाठपुराव्यात मुलं नागरिकशास्त्राचा जो भाग शिकतात तो पुस्तकात सापडणार नाही.

धान्य गोळा करायचंच असेल तर त्याचंही शास्त्र आहे. रेशनच्या अंत्योदय (सर्वांत गरीब घरांच्या) कार्डाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो धान्य मिळतं. म्हणजे कार्ड चालू असलेल्या घरात तांदूळ-गहू बऱ्याचदा असतो, डाळ आणि तेल नसतं. ज्यांचं कार्डच नाही, किंवा बाहेरगावाहून आल्याने जे यादीबाहेर आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. म्हणून आधी चौकशी आणि मग मूठ.

सहावी-सातवीच्या मुलाच्या मुठीत साधारण 30 ते 40 ग्रॅम तांदूळ मावतो. तुमच्या मुलांच्या दहा मुठी वजन करून सरासरी काढा, गणिताचा एक तासही होतो. 300 मुलांनी आठवड्याला एक मूठ आणली तर 10 किलोच्या आसपास जमतं. पण नियम एकच मूठ, कोणीही जास्त आणायचं नाही. ही मर्यादा फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर ज्याचे वडील 5 किलोची पिशवी पाठवतात त्याच्यासाठी टाळ्या वाजतात, आणि ज्याच्या घरी आज चूल पेटलेली नाही तो मूल्यशिक्षणाच्या तासाला मान खाली घालून बसतो. डबा वर्गाच्या कोपऱ्यात झाकण लावून ठेवा आणि कोणी टाकलं, कोणी नाही, हे बघूच नका. हजेरी घेऊन मूठ गोळा करणारे वर्ग मी चुकीचे मानतो.

दर आठवड्याला एकच जिन्नस ठरवा, एकदा तूरडाळ, एकदा तांदूळ. सगळं एकाच डब्यात गेलं तर ते निवडायला कोणाला वेळ नसतो. तांदळातही अडचण असतेच: इंद्रायणी, कोलम, उकडा आणि रेशनचा असे चार प्रकार एकत्र आले की शिजताना एक गाळ होतो आणि दुसरा कच्चा राहतो. म्हणून दोन डबे ठेवा, एक उकड्याचा आणि एक बाकीच्यांचा. काही घरांत तांदळाला कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर चोळतात. तेव्हा देताना ‘तीन-चार पाण्यांनी धुवून घ्या’ हे सांगायलाच हवं. दोन आठवड्यांच्या वर साठा ठेवू नका. पावसाळ्यात ओल धरते, पोरकिडे होतात. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला टाकला तर चालतो, पण धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या शाळेच्या आवारात येता कामा नयेत. कडक उन्हात तांदूळ पसरू नका, दाणा तडकतो आणि शिजवताना कण्या होतात.

कपड्यांबद्दल थोडं कठोर बोलतो. पूर आला की शाळाशाळांतून जुने कपडे गोळा होतात आणि मदत केंद्रांवर त्यांचे ढीग लागतात. चेन तुटलेल्या पँटी, एकेकटे बूट, विटक्या साड्या. ज्याचं घर पाण्यात गेलं त्याला त्या दिवशी कोरडी चटई, आतले नवे कपडे, सॅनिटरी पॅड, बादली, खराटा, मेणबत्ती आणि काडेपेटी लागते. मुलांना एकच कसोटी द्या: आपल्या धाकट्या भावाला किंवा बहिणीला आपण हे घालू का? नाही, तर ते शाळेत आणायचं नाही. आणि मुलांना चिखल उपसायला पाठवू नका. पुरानंतरच्या चिखलात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, काचा आणि साप असतात. मुलांनी सामान मोजावं, वर्गवारी करावी, पिशव्या भरून त्यांवर आत काय आहे ते लिहावं. तेही तितकंच गरजेचं काम आहे.

सर्वांत जवळचा गरजू बहुतेकदा आपल्याच पटावर असतो. बीड, अहिल्यानगर, जालना अशा जिल्ह्यांतल्या शाळांना हे सांगायला नको. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि वर्गातली कितीतरी मुलं आईबापांबरोबर फडावर जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही आजीआजोबांकडे मागे राहतात. इथे शाळेची मूल्यं फार ठोस रूप घेऊ शकतात. जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा वर्गात एक जोडीदार ठरवायचा. जोडीदाराने रोजच्या वहीचे फोटो काढून आठवड्यातून एकदा शिक्षकांकडे द्यायचे, शिक्षक ते मुलाच्या वडिलांच्या किंवा टोळीच्या मुकादमाच्या फोनवर पाठवतात. फोन नसेल तर कार्बन लावून एक प्रत काढायची आणि महिन्याचा गठ्ठा गावाकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी द्यायचा. सगळे विषय पाठवू नका, गणित आणि भाषा पुरेत, नाहीतर गठ्ठा उघडलाच जात नाही. मूल निघण्याआधी शिक्षण हमी पत्रक (दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेशासाठीचा कागद) हातात दिलंय ना, कारखान्याजवळच्या शाळेत नाव दाखल झालंय ना, ही शिक्षकांची जबाबदारी. ती जोडीदाराच्या गळ्यात घालू नका.

हे मूल परत येतं तेव्हा खरी परीक्षा असते. ते मागे पडलेलं असतं, अंगाने थकलेलं असतं आणि त्याच्या जागी दुसरं कोणी बसलेलं असतं. त्याची जागा रिकामी ठेवणं हा नियम करा. पहिले 15 दिवस जोडीदार शेजारी बसेल आणि रोज 20 मिनिटं मागचं समजावेल. वर्गासमोर ‘याला आपण मदत करतोय’ असं कधीच म्हणायचं नाही. फडावर राहिलेल्या मुलाला अंतर, वजन, गाडीचा हिशेब आणि उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे) यांचं गणित वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त कळतं. त्याला एखादा तास ते सांगू द्या. घेणाऱ्यालाही काही देता आलं पाहिजे, नाहीतर मदतीचं ओझं होतं आणि मैत्री तुटते.

नववीच्या मुलांसाठी आणखी एक काम सुचवतो, ज्याची गरज मोठी आहे आणि जिथे माणसं कमी पडतात: अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होणं. दहावीला बसणाऱ्या अंध मुलाचा लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि परीक्षार्थीला ताशी 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. बोर्डाचा त्या वर्षीचा नियम आणि मंजुरीची मुदत शाळेने आधीच बघून घ्यावी. लेखनिक ऐन वेळी ठरवला की फटका परीक्षार्थीला बसतो. निदान चार सराव पेपर दोघांनी एकत्र सोडवायला हवेत. प्रश्न पूर्ण वाचायचा, गुण सांगायचे, पर्याय सावकाश म्हणायचे. सांगितलं तेवढंच आणि तसंच लिहायचं. चुकीचं वाटलं तरी दुरुस्त करायचं नाही, चेहऱ्याने किंवा आवाजानेही सुचवायचं नाही. हुशार मुलांना हेच सर्वांत जड जातं. त्यांना वाटतं बरोबर उत्तर लिहिलं म्हणजे मदत झाली, पण ती फसवणूक असते आणि समोरच्याचा अपमानही. सरावात एकदा मुद्दाम चुकीचं उत्तर सांगून लेखनिक काय करतो ते बघा. प्रत्येक परीक्षार्थीमागे एक राखीव लेखनिक तयार ठेवा, मार्चमध्ये गोवर-कांजिण्या येतातच.

कुठे बिघडतं ते आता सांगतो. पहिलं कारण फोटो. बॅनर धरून फळं देतानाचा फोटो काढला की मुलांचं लक्ष समोरच्या माणसावरून कॅमेऱ्याकडे जातं. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर हा कायद्याचाही प्रश्न आहे: बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे शाळेच्या ग्रुपवरही ते फोटो टाकू नका. संस्थाचालकांना अहवालासाठी काही हवंच असेल तर वहीचं पान दाखवा.

दुसरं कारण गुण. कामाला गुण, बिल्ला किंवा ‘आदर्श विद्यार्थी’ पुरस्कार जोडला की आधी मनापासून जाणारी मुलंही ‘याचे किती मार्क?’ विचारायला लागतात, आणि गुण बंद झाले की काम बंद होतं. कौतुक करायचं तर खासगीत, नेमक्या गोष्टीचं: ‘तू चष्म्याच्या दुकानात परत जाऊन विचारून आलास ते चांगलं केलंस.’

तिसरं कारण जात, आणि त्यावर बहुतेक शाळा गप्प बसतात. कोणत्या वस्तीतली घरं यादीत येतात आणि कोणती राहून जातात, कोणत्या घरचं पाणी मुलं पितात आणि कुठे ‘आत्ताच पिऊन आलो’ म्हणतात, हे शिक्षकांनी डोळे उघडे ठेवून बघावं. मुलं सहसा घरी शिकलेलं तिथे करतात. त्यांना ओरडू नका. पुढच्या भेटीला शिक्षकांनी स्वतः त्या घरी बसून चहा घ्यावा. पालकांनी तक्रार केली तर मुख्याध्यापकांनी ठामपणे उत्तर द्यावं, वर्गशिक्षकाला एकटं पाडू नये. ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ असं रोज म्हणवून घेणाऱ्या शाळेला इथे माघार घेता येत नाही.

चौथं म्हणजे सगळं एकाच उत्साही शिक्षकावर चालतं आणि त्याची बदली झाली की थांबतं. यावर उपाय वही. प्रत्येक घराची एक वही, दर शनिवारी पाच ओळी: तारीख, कोण गेलं, काय केलं, काय जमलं नाही, पुढच्या वेळी काय न्यायचं. ‘काय जमलं नाही’ हा रकाना रिकामा सोडू देऊ नका. परिपाठात आठवड्यातून एकदा बोधकथेच्या जागी एका गटाने दोन मिनिटांत हेच सांगावं, घराचं किंवा माणसाचं नाव न घेता. ‘पाणी भरायला गेलो, पण मोटर बंद होती, आता वायरमनला विचारणार आहोत’ असलं एक वाक्य ऐकून दुसऱ्या गटातला कोणीतरी म्हणतो, माझे काका वायरमन आहेत.

आणि एक गोष्ट आधीपासून मनात धरून ठेवा. वर्षभर ज्या घरी मुलं जातात तिथलं माणूस कधी दगावतं. ही बातमी त्या गटाला शिक्षकांनी स्वतः, सगळ्यांच्या आधी, बाजूला घेऊन सांगावी. परिपाठात एकदम जाहीर करू नये. कुणाला रडू येईल, कुणी गप्प बसेल, दोन्ही ठीक. घरच्यांना चालत असेल तर एकदा भेटून यावं. नवं घर लगेच देऊ नका, तीन-चार आठवडे जाऊ द्या.

पहिल्या वर्षी तीन घरं आणि वर्गातल्या जोड्या एवढंच घ्या, मुलं कितीही उत्साहाने पुढे आली तरी. दहावीच्या मुलांना डिसेंबरअखेर मोकळं करायचं, पण त्याआधी दोन शनिवार आठवीची मुलं त्यांच्यासोबत जातील, तिथल्या माणसाशी ओळख करून घेतील आणि वही हातात घेतील. मे महिन्याच्या सुट्टीत कोण गावात आहे त्याची यादी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करा. कोणीच नसेल तर तसं त्या घरी आधी जाऊन सांगून यायचं, शाळा पुन्हा कधी सुरू होते ती तारीख कॅलेंडरवर खूण करून.